समोरचा भिडू

माझे भिडू भाऊ गेले आणि आमचा मेंढीकोट मोडला. चौथा कोणी मिळेना म्हणून भाच्याने लॅपटॉपवर तोच खेळ टाकून दिला. पिसणं नको, वाटणं नको. बोटं बधिर झालेल्या माणसाला तेरा पानं धरून ठेवायची कटकटही नाही. तिघं यंत्राचे, चौथा मी. त्यातला एक माझा भिडू, आणि सगळं दुखणं त्याचंच.

बदाम हुकूम आहे. माझ्या पुढचा किलवरचा एक्का उतरतो. माझा भिडू चौकी टाकतो. त्याच्या पुढचा, म्हणजे एक्केवाल्याचाच जोडीदार, राणी टाकतो. राजा माझ्याकडे. आपल्याच एक्क्याखाली राणी कोण घालवतो? ज्याच्याकडे दुसरं किलवर नाही तो. दोन हातांनी उतारी माझ्याकडे येते. हुकूम सोडले तर हातात तो राजाच, म्हणून तो उतरतो. भिडूकडे दस्सी आणि छक्की. भाऊंनी डोळे झाकून छक्की टाकली असती. हा दस्सी, म्हणजे मेंढी, टाकतो. वरचढ पानावर मेंढी द्यायची, एवढंच त्याला शिकवलेलं. राणीवाला बदामाच्या दुर्रीने हात कापतो आणि मेंढी त्यांच्या घरात.

हे रोज घडतं. मी झटकन उतरून पाहिलं, थांबून उतरून पाहिलं. यंत्राला त्याचं काय! भाऊंना माझं थांबणं कळायचं. त्याला कोणी खाणाखुणा म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

2022 च्या मार्चमध्ये पॅरिसला ‘नूक’ नावाच्या यंत्राने ब्रिजच्या आठ जगज्जेत्यांवर मात केली. भाच्याने मला ते मुद्दाम ऐकवलं. पण त्या सामन्यात बोली वगळली होती आणि डाव फक्त बोली घेणाऱ्याच्या बाजूने खेळायचा होता. तिथे भिडूची पानं टेबलावर उघडीच असतात, त्याचं मन ओळखायचं कामच नाही. तेवढं सोपं असतं तर मीही पॅरिसला गेलो असतो.

पॅरिस राहू द्या, इथे बोरच्या जंगलाला लागून आमची शेतं. रानडुकरांमुळे जागल चुकत नाही. पूर्वी जागलीला चौघं जमायचे, कंदिलाच्या उजेडात इस्पिक की किलवर यावरून भांडायचे. आता मचाणावरचा गडी मोबाईलवर एकटाच रमी खेळतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा पोरं हळहळली. मला काही वाटलं नाही. रमीत कौशल्य आहे, सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच तसं म्हटलंय. पण रमीवाला आपल्यापुरता खेळतो. भिडूच्या हातातल्या पानांची काळजी त्याला कधी करावी लागत नाही.

माझी हौस तरी कुठे शुद्ध होती? कोट दिल्यावर विरुद्ध जोडीची उतरलेली तोंडं बघायला मला फार आवडायचं. यंत्राला कोट दिला तर ते लगेच नवा डाव वाटतं, त्यात काय मजा! आणि गावभर माझ्या स्मरणशक्तीचा बोलबाला होता, तो मीही होऊ दिला. पडलेली पानं निम्मी भाऊ मोजायचे.

तर हिंगणीत किंवा सेलूत कोणाला डावाला बसायचं असेल त्याने संध्याकाळी यावं. निम्मी पानं मोजता आली पाहिजेत. उरलेली मी मोजतो.