भिंतीला खिळा ठोकायचा नाही!

वडवणीतील भाड्याच्या दोन खोल्या आम्ही गेल्या उन्हाळ्यात सोडल्या. चौदा वर्षांचा संसार एका टेम्पोत मावला. टेम्पो गेल्यावर रिकाम्या खोलीत आम्ही दोघे भिंतींकडे बघत उभे राहिलो. मोजली तर सतरा भोके! सामान होते तोवर यातले एकही डोळ्यांत भरले नव्हते.

शेजारी म्हणाले, "कशाला जीव काढता? पेंटरचे पाचशे रुपये मालकाच्या हातावर ठेवा अन् मोकळे व्हा." नुसता डिपॉझिटचा प्रश्न असता तर तसेच केले असते. पण आमचे दुखणे निराळे होते. ते सांगायला चौदा वर्षे मागे जावे लागेल.

बीड-परळी रस्त्यावरचे हे गाव. नोकरीचा हुकूम हातात पडला आणि आम्ही खोली शोधायला निघालो. मालक खोली दाखवत, भाडे सांगत, कोणी पाणीही विचारत. मग आडनाव विचारत. आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीत मालकाचा कोणीतरी पाहुणा राहायला येणार असे! असे पाच पाहुणे झाले. सहाव्या घरी एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांनी आडनाव ऐकले आणि सरळ भाड्यावर आल्या. अट एकच घातली : भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आधीच्या भाडेकरूने भिंतीची पार चाळण केली होती. तो त्यांच्याच भावकीतला होता, हे आम्हाला पुढे कळले. त्याने भिंत बिघडवली म्हणून तो एकटा वाईट ठरला. आम्ही बिघडवली असती, तर 'या लोकांना' खोली देऊ नये असे साऱ्या गल्लीत ठरले असते. आमच्या मागून खोली शोधत येणाऱ्या आपल्या एखाद्या पोराला ते भोवले असते.

म्हणून पहिला महिनाभर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो आम्ही लोखंडी पेटीवर भिंतीला टेकवून ठेवला होता. एके दिवशी आजी दळणाचे विचारायला आत आल्या आणि दारातच थबकल्या. "आवं, एवढ्या मोठ्या मानसाचा फोटो असा टेकवून ठिवतेत का? ठोका एक खिळा. पर एकच!"

एकाचे सतरा कसे झाले ते प्रत्येक संसारी माणसाला ठाऊक आहे. दुसरा फोटो, घड्याळ, आरसा, मच्छरदाणीचे चार, कॅलेंडर, पोरांची दप्तरे. पुढे फळी आली, डिशची वायर आली. आजी बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या गेल्यावर कारभार त्यांच्या मुलाकडे आला. माणूस सरळ, पण मोजका बोलणारा. खोली सोडतो म्हणताच तो एवढेच म्हणाला, "भिंती आहेत तशा करून द्या."

तर भोके तीन जातींची निघाली. (भिंतीलाही जात चुकली नाही!) नऊ साधे खिळे, सहा प्लास्टिकच्या गिट्ट्या, आणि मागच्या जुन्या दगडी भिंतीत ठोकलेल्या दोन लाकडी गुट्ट्या.

पहिल्याच खिळ्याला आम्ही फसलो. हातोडीचा मागचा आकडा लावून हिसका दिला, तर खिळ्याबरोबर वाटीएवढा गिलावा खाली आला. गंजलेला खिळा गिलाव्याला धरून बसतो. तो आधी पकडीने हलके हलके फिरवून सैल करायचा, मग हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून उचलायचा, म्हणजे भार लाकडावर येतो, गिलाव्यावर येत नाही. बाकीचे आठ असे शहाण्यासारखे निघाले.

गिट्टीत स्क्रू अर्धाच फिरवायचा आणि स्क्रूलाच पकडीने धरून ओढायचे; गिट्टी त्याच्यामागून येते. दोन गिट्ट्या जागच्या जागी गरागरा फिरू लागल्या. त्यांची कड ब्लेडने कापली आणि ठोकून आत ढकलून दिल्या. राहोत बापड्या तिथेच.

या गिट्टीची हकीकत मोठी गमतीची आहे. १९११च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचे सामान बसवायचे होते, पण भिंतींची नासधूस करायची नव्हती. जॉन रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदाराने तेव्हा तागाच्या धाग्याची गिट्टी तयार केली. मिस्त्री तिला अजून 'रावल प्लग' म्हणतात ते त्याच्याच नावावरून. नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली काढली. रॉलिंग्जच्या या कामानंतर दहाएक वर्षांनी, १९२० नंतर, त्याच ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बाबासाहेब दिवसचे दिवस वाचत बसत. हे कळल्यापासून त्या पंधरा पैशांच्या वस्तूकडे आम्ही जरा आदराने बघतो.

लाकडी गुट्ट्यांनी मात्र घाम काढला. लाकूड फुगून दगडांच्या सांध्यात घट्ट बसलेले. शेवटी ड्रिलने त्यातच तीन-चार छिद्रे पाडली, छन्नीने चिरून तुकडे काढले.

भरायची वेळ आली तेव्हा सल्लागार पुष्कळ जमले. कोणी टूथपेस्ट भरा म्हणाले, कोणी साबण. टूथपेस्ट वाळली की आकसते, पुन्हा खड्डा पडतो. आम्ही पीओपी आणले आणि पहिली वाटी कालवता कालवताच दगड झाली. ते मूठभरच कालवावे. मोठ्या खड्ड्यांत एकास चार सिमेंट-वाळू भरली. त्याआधी आतली धूळ फुंकून काढली आणि खड्ड्याला पाणी पाजले. भिंत कोरडी असली तर मालातले पाणी ओढून घेते आणि माल सुटून येतो. हा माल भिंतीच्या पातळीहून जरा खालीच ठेवला, तीन दिवस पाणी मारले. वाळल्यावर वर पुट्टीचे दोन पातळ हात दिले. एकदम जाड थापले की तडकते. मग नाकाला ओला रुमाल बांधून पॉलिश पेपर.

रंगाने मात्र हार खायला लावली. कपाटामागचा खपला नमुना म्हणून दुकानात नेला, तिथेच चूक झाली. कपाटामागे ऊन-धूर पोचलेला नव्हता, बाकी भिंत विटली होती. ठिपके उठून दिसू लागले. शेवटी दर्शनी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवली. मागची तशीच राहिली, पैसे संपले होते.

मालक आला. बोटे फिरवून बघितली, दर्शनी भिंत, मग मागची. मागच्या भिंतीचे तीनशे कापून बाकीचे डिपॉझिट मोजून दिले. आम्ही हुज्जत घातली नाही; तीनशे वाजवी होते.

पुढच्या महिन्यात आपल्यातल्याच एका ओळखीच्या मुलीची वडवणीला बदली झाली. खोली बघतेय म्हणाली. आम्ही पत्ता दिला, पण मनात धाकधूक होतीच. संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, मिळाली. आडनाव विचारलं, तुमची ओळख विचारली. पण एक अट घातली हो त्यांनी."

"खिळ्याची का?"

"हो! तुम्हाला कसं ठाऊक?"

आम्ही तिला सहा एमएमचा ड्रिल बिट पाठवून दिला. विचारल्याशिवाय वापरू नको म्हणून सांगितले आहे. फोटो सध्या तिच्या टेबलावर आहे.