सरकता दरवाजा

सरकता दरवाजा अडकला की माणूस आधी हिसका देतो. नाही सरकला तर त्याच्या दुप्पट हिसका देतो आणि मग गॅरेजला येतो. तोवर बऱ्याचदा आतली तार तुटलेली असते, म्हणजे एका कामाची दोन कामं.

माझा हात बसला तो मारुती व्हॅनवर. 1984 साली आलेली ही गाडी 2019 मध्ये बंद झाली. हिंदी सिनेमात ती माणसं पळवायची गाडी. आमच्या विंचूरकडे मात्र शाळेची पोरं, वऱ्हाड आणि हंगामात द्राक्षांची कॅरेट तिनेच वाहिली. अशा दरवाजाला सहसा तीन रूळ असतात. एक वर, एक खाली पायरीत आणि मधला मागच्या पत्र्यात, बाहेरून दिसणारा. पुढच्या टोकाला रूळ आतल्या बाजूला वळतात, म्हणून दरवाजा आधी नुसता सरकतो आणि शेवटच्या वीतभर अंतरात आत शिरून बसतो. खरी भांडणं त्या वीतभरातली.

दरवाजा कुठे अडतो ते मी आधी पाहतो, पाना नंतर. मध्येच अडला तर रुळात घाण आहे किंवा रोलरची बेअरिंग धरली आहे. बंद होताना मागची कड उचलून आपटावी लागत असेल तर रोलर झिजून दरवाजा लोंबलाय आणि लॉक खुंटीला नीट सापडत नाही. जागचा हलतच नसेल तर लॉक किंवा तार. घाण तर इकडे हवी तेवढी. उपबाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रिकामे होतात तेव्हा फोलपटं उडतात, ती रुळात जाऊन बसतात. सांडलेला द्राक्षाचा रस वाळून चिकटतो. वरून काळी माती. त्यावर लोक प्रेमाने बोटभर ग्रीस थापतात. ग्रीस माती धरून ठेवतं आणि त्याचा असा दगड होतो की पटाशीनेच खरवडावा लागतो. रूळ डिझेलने धुवा, कोरडा पुसा, वर सिलिकॉनचा हलका फवारा, बस. हे सांगून माझी जीभ झिजली, रोलर झिजायचे थांबले नाहीत.

2001 च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून इथे वाइन पार्क आलं, आणि 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही निघालं. त्यामुळे चुली-बिछान्यासकट फिरणारी गाडी आता या रस्त्याला अगदीच नवलाची राहिली नाही. मागच्या हिवाळ्यात अशीच एक आली, वेरूळला निघालेली. मोठी व्हॅन घेऊन आतलं काम एका सुताराकडून करून घेतलेलं. सरकता दरवाजा उघडतच नव्हता, म्हणून सगळे ड्रायव्हरच्या बाजूने ये-जा करत होते. सोबतच्या आजींना ते जमेना, म्हणून त्या पुढच्या सीटवरच बसून होत्या. "मिस्त्री, तोडू नका हो, नवीन आहे," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

रात्री गाडी कुठे लावली होती, ते मी विचारलं. शेताच्या कडेला, मागचं एक चाक बांधावर. आणि गॅरेजसमोरही त्यांनी ती तशीच लावली होती, एक चाक गटाराच्या फरशीवर. लांब व्हॅन अशी तिरपी उभी राहिली की अंग पिळतं. दाराची चौकट केसभर जरी वाकडी झाली तरी दरवाजाला ते पुरतं. गाडी आतल्या सपाट कोब्यावर घेतली आणि दरवाजा उघडला. आजींचे चिरंजीव म्हणाले, "काका, नुसती गाडी हलवायचे पैसे घेणार का?" घेणार होतो.

पण उघडताना पहिल्या वीतभरात खरखर झाली होती. एवढ्याशा पिळाने दरवाजा पुरता धरतो, म्हणजे आधीच कुठेतरी घासत असणार. बॅटरी घेऊन पायरीशी आडवा झालो. खालच्या रोलरचा लोखंडी हात जमिनीच्या प्लायवूडला घासत होता. त्यावरचं रेक्झिन अर्धगोल सोललेलं. तेवढा घास तासून काढला, काठाला पत्र्याची पट्टी मारली आणि आजींना त्यांच्या दारातून आत बसवलं.

चिरंजीवांनी तिथूनच सुताराला फोन लावून झापायला सुरुवात केली. तो बिचारा म्हणत होता, मी तर प्लाय अगदी सरळ रेषेत कापलंय. खरंच सरळ कापलं होतं. रूळ तिथे वळतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.