स्लाइड तिथल्या तिथे

काशीत बालाजी घाटाच्या आसपास दुर्गाघाट, ब्रह्माघाट, दूधविनायक असे जुने मराठी मोहल्ले आहेत. तिथल्या गल्ल्यांत चारचाकी शिरत नाही. अशा वस्तीतल्या बाईला अंगावरून पांढरं जात असेल, तर तिचा स्वॅब लांबच्या मोठ्या लॅबकडे पाठवणं हा मला शहाणपणा वाटत नाही. ट्रायकोमोनास हा परजीवी स्लाइडवर ओळखू येतो तो त्याच्या झटके देत हलण्यामुळे. सलाइनच्या थेंबातला नमुना दहा-वीस मिनिटांत पाहायला हवा. उशीर झाला, थंडी लागली की तो हलायचा थांबतो आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत हरवतो. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, चट्ट्यातला स्रावही तसाच. 1905 मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी दाखवलेला तो पिळदार जंतू डार्क-फील्डखाली जिवंत, हलता असतानाच नीट ओळखता येतो, आणि आजाराच्या सुरुवातीला रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. परम्याची गोष्ट वेगळी. तिथे स्लाइड वाळवून, रंगवून नंतर पाहिली तरी चालते. पण हा अपवाद बाकीच्या नमुन्यांनाही लावला जातो, तिथेच निदान निसटतं.

लक्षणं पाहून किट देता येतं, मग मायक्रोस्कोप कशाला, असं विचारतात. सरकारी केंद्रांत पांढरं जाण्यासाठी हिरवं किट मिळतं. त्यात परजीवी आणि बुरशी दोन्हींवर औषध असतं. जिथे काहीच सोय नाही तिथे या पद्धतीने उपचार होतात, हे मी मानतो. पण नवऱ्याला औषध द्यायचं की नाही, हे किट सांगत नाही. ट्रायकोमोनास असेल तर द्यायलाच हवं, नाहीतर तिला पुन्हा लागण होते. साध्या बुरशीत सहसा गरज नसते, आणि विनाकारण घरात संशय मात्र शिरतो. शिवाय लक्षणंच नसतील तर? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या, तो अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, तर 45 टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. तक्रारीची वाट पाहणारी व्यवस्था या बायकांपर्यंत पोचणार कशी?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पीसीआरसारख्या तपासण्या कितीतरी अचूक आहेत. खरंच आहेत. ताज्या स्लाइडवरही ट्रायकोमोनासच्या साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश रुग्णांचंच निदान होतं, म्हणून निगेटिव्ह स्लाइड पाहून बाईला ‘काही नाही’ सांगून घरी पाठवणं चूकच. परवडत असेल तर दुसरा स्वॅब जरूर पुढे पाठवावा. पण जिची स्लाइड पॉझिटिव्ह आली तिला त्याच भेटीत औषध मिळतं, नवऱ्याचंही सोबत देता येतं. अहवालासाठी पुन्हा यायला सांगितलेली बाई कित्येकदा परत येतच नाही. म्हणून टेक्निशियनची खुर्ची तपासणीच्या खोलीला लागूनच असावी आणि गुप्तता राहावी म्हणून नमुन्यावर नावाऐवजी नुसता क्रमांक असावा.