गळ, पंचशील आणि पंचगंगा

नदीवर मासे धरायला जाणं ही वरकरणी सुट्टीतली गंमत. पण आमच्यासारख्या घरांत ती तेवढीच नसते. मे महिन्यात "पप्पा, मासं धराय जाऊया की!" असा धोशा आमच्या दोन्ही पोरांनी लावला, तेव्हा आम्ही नवरा-बायको चार दिवस टाळत राहिलो. का टाळत होतो, ते मांडलं पाहिजे. कारण हा प्रश्न आमच्या एकट्या घराचा नाही.

पहिलं कारण जुनं आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनं मासे, खेकडे धरले ते हौसेनं नव्हे, पोटासाठी. मजुरी मिळाली नाही त्या दिवशी कालवण नदीनंच पुरवलं. शिकून नोकरीला लागलेल्यांना गळ म्हटलं की तेच दिवस आठवतात. पण त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? नदीनं कधी जात विचारली नाही, ती काठावरच्यांनी विचारली. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मुभा होती, आपल्या माणसांना नव्हती. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली नगरपालिकेनं तळं खुलं केलं. तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल. आमचा कसबा बावडा तर शाहू महाराजांचं जन्मस्थान. १९१९ साली सार्वजनिक पाणवठ्यांवरची शिवाशीव बंद करण्याचा हुकूम त्यांनी काढला. त्या बावड्यातली आपली पोरं हौसेसाठी नदीवर जाऊ म्हणतात, हीसुद्धा चळवळीची कमाई आहे. म्हणून हे कारण आम्ही बाजूला ठेवलं.

दुसरं कारण पोरीनंच पुढं केलं. ती अकरा वर्षांची. "रविवारी विहारात आपण पाणातिपाता म्हणतो. मग गळ कसा टाकायचा?" प्रश्न बरोबर होता आणि त्याला उडवून लावणारं उत्तर देणं बरं नव्हतं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानलं आहे. गरजेपोटी मारणं आणि मारण्याच्या इच्छेनं मारणं यांत त्यांनी फरक केला. त्या आधारानं घरात चौघांनी मिळून ठरवलं: खायचा असेल तरच मासा धरायचा. खेळ म्हणून जिवाला गळ लावायचा नाही.

आणि मग राजाराम बंधाऱ्याकडं गेलो. काठी, तंगूस, कणकेच्या गोळ्या, सगळं पिशवीत होतं. काठावर केंदाळ साचलेलं, त्याच्या कडेनं पांढरा फेस, पाण्याला वास. एकदोन मासे वर येऊन तोंड उघडत होते. धाकट्याला वाटलं, गोळी खायला आले. त्याला समजावून सांगितलं की पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासा असा वर येतो. सांडपाण्यातली घाण कुजताना जिवाणू तो प्राणवायू वापरतात. उन्हाळ्यात प्रवाह मंदावलेला, बंधाऱ्यामागं पाणी तुंबलेलं; तेव्हा नाल्याची घाण वाहून जात नाही आणि मासा गुदमरतो. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत.

असल्या पाण्यातला मासा पोरांच्या ताटात वाढायला आमचं मन धजलं नाही. खायचा नाही, म्हणजे धरायचा नाही. ठरलेल्या नियमानं गळ पिशवीतच राहिला.

इथं खरा मुद्दा आहे. मासा धरावा की नाही हे आम्ही पंचशील समोर ठेवून, चर्चा करून ठरवणार होतो. ते आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलं होतं. नदीत मैला सोडणाऱ्यांनी, कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रियेविना सोडणाऱ्यांनी आणि ते बघून गप्प बसणाऱ्यांनी. आम्ही घरी येऊन दुसरी भाजी केली. पण ज्याचं पोट जाळ्यावर आहे, त्यानं काय करायचं? खालच्या अंगाच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथीत माणसं दगावली. विकतच्या पाण्याचा जार ज्याला परवडत नाही, नदीच्या घाणीचा मार आधी त्यालाच बसतो. म्हणून हा प्रश्न फक्त पर्यावरणवाल्यांचा नाही, आपला आहे.

महाडनं पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क दिला. ते पाणी जिवंत ठेवण्याचा लढा त्याचाच पुढचा भाग आहे. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ पासून आहे. तरुण मित्रांनो, २० मार्चला अभिवादन करताना एवढं तरी करा: आपल्या भागातला कोणता नाला नदीत कुठं मिळतो ते जाऊन बघा, फोटो काढा, तारीख लिहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं पाणी तपासणीचे आकडे माहिती अधिकारात मागा. महापालिकेला लेखी विचारा, किती सांडपाणी प्रक्रियेविना जातं. उत्तर आलं की ते विहारात, वस्तीत वाचून दाखवा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातलं शिकणं हेसुद्धा आहे.

गळ टाकायचा की नाही, हे आपल्या पोरांना आपल्या विवेकानं ठरवता आलं पाहिजे. त्यासाठी आधी नदीत खाण्याजोगा मासा असला पाहिजे.

जय भीम!