सिरोंचा म्हणजे कुठे गं?

“सिरोंचा, लाइट बंद कर ना!”
“सिरोंचा, मेसमध्ये आज काय आहे?”
“ए सिरोंचा, सबमिशनची फाइल दे!”

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर ही हाक दिवसातून निदान वीस वेळा ऐकू यायची. सिरोंचा हे मुलीचं नाव नसून गावाचं आहे, हे ज्युनियर मुलींना तर माहीतच नव्हतं. माझी रूममेट तिथली. फर्स्ट इयरला वर्गात इंट्रो देताना तिनं गावाचं नाव सांगितलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यांदा विचारलं, “सिरोंचा म्हणजे कुठे गं? महाराष्ट्रातच आहे ना?” सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचं नावच सिरोंचा पडलं.

आता सांगायला हरकत नाही. तो प्रश्न विचारणारी मीच होते.

आणि विचारणारी तरी कोण? वरोऱ्याची! म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचीच. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी सिरोंचा आमच्याच जिल्ह्यातला तालुका होता. पण आम्ही पडलो कॉन्व्हेंटचे. इंग्लंडातल्या फुलांवरच्या कविता आम्ही घडाघडा म्हणणार, मोहाची फुलं कोणत्या महिन्यात पडतात ते मात्र कुणाला तरी विचारणार.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं आहे. बेल्जियममधल्या ब्रूज या गावाचं. कालवे, कमानीचे पूल, विटांची जुनी घरं, पाण्यात हंस आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. नोकरी लागली, पैसे साठले की पहिली ट्रिप तिथेच, असं सांगून सांगून मी सगळ्यांना बोअर केलं होतं. एका रात्री ते चित्र बघत ती म्हणाली, “आमच्या गावाला पण असाच शांत वाटते. नदी पण आहे. खूप मोठा. येतेस का संक्रांतीला?”

“खूप मोठा नदी!” शेजारच्या खोलीतली एक ओरडली आणि आम्ही सगळ्या फिदीफिदी हसलो. तिचं मराठी असंच होतं. बस ‘आला’, भाजी ‘झाला’. तीही आमच्याबरोबर हसायची. निदान आम्हाला तसं वाटायचं.

पण पाचव्या सेमची परीक्षा संपली आणि घरी बसून मोबाइल बघण्यापेक्षा बरं, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मी खरंच तिच्याबरोबर निघाले.

चंद्रपूरहून लाल गाडी. बल्लारपूर गेलं, कोठारी गेलं, गोंडपिपरी गेलं. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्हा लागला. अहेरीला गाडी बदलली. मला वाटलं आता आलंच असेल. ती शांतपणे म्हणाली, “आता अर्धा झाला.” आलापल्लीपासून पुढे जवळजवळ शंभर किलोमीटर! दोन्ही बाजूंना साग. सरळ, उंच, वाळायला लागलेल्या मोठ्या मोठ्या पानांचा. मध्येच एखादं गाव, हातपंप, शाळेची पिवळी भिंत, परत साग. रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी. रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की ‘हायवे इंजिनिअरिंग’च्या पुस्तकात खड्ड्यांचे जेवढे प्रकार दिलेत तेवढे सगळे मी प्रॅक्टिकलसकट पूर्ण केले. दर सुट्टीला ही मुलगी हा प्रवास एकटी करते, आणि सोमवारी सकाळच्या लेक्चरला उशीर झाला की आपण तिला टोमणे मारतो, हेही गाडीतच आठवलं.

उतरलो तेव्हा अंधार पडत होता. गाव खरंच शांत. रुंद रस्ते, मोठाली जुनी झाडं, दुकानांच्या पाट्यांवर मराठी आणि कानांवर तेलुगू. दारात तिची आजी उभी होती. “रा बिड्डा, रा,” म्हणत तिनं माझा हात धरला. मग काहीतरी विचारलं. मी मान हलवली. परत विचारलं. मी परत मान हलवली.

“जेवलीस का, असं विचारून राहिली,” माझी रूममेट म्हणाली. “तू हो म्हणालीस. आता तुला जेवायला नाही मिळणार.”

त्या घरात पहिला विनोद माझ्यावर झाला आणि सगळं घर हसलं. मीसुद्धा हसले. पण कान गरम झाले ते झालेच.

पुढचे तीन दिवस मी त्या घरात मुकी होते. अम्माला थोडं मराठी येतं, आजीला चार शब्द. आणि इकडे माझी रूममेट! आजीशी तेलुगू, वडिलांशी निम्मं तेलुगू निम्मं मराठी, दारावर लाकूडफाटा घेऊन आलेल्या बाईशी माडिया, छत्तीसगडहून आलेल्या ट्रकवाल्याशी हिंदी. पहिलीपासून ती मराठी शाळेत शिकली, म्हणजे घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत. नंतर कॉलेजात आली आणि सगळं इंग्रजीत. तेलुगूत बस ‘आला’ आणि ‘आली’ असा भेद करावाच लागत नाही, हे मला त्या घरात कळलं. दोन वर्षं आम्ही हसत होतो ते या गोष्टीला. आमच्यातल्या किती जणींना चार भाषांत भांडता येतं?

संक्रांतीची गंमत वेगळीच. पहाटे दारात सडा आणि भली मोठी रांगोळी, तिला तिकडे मुग्गू म्हणतात. शेणाचे छोटे गोळे करून त्यांवर फुलं खोचतात. घरात सकिनालूची तयारी. तांदळाचं भिजवलेलं पीठ, त्यात तीळ आणि ओवा, आणि ते बोटांनी पिळत पिळत एकात एक गोल वेढे घालायचे, मग तळायचे. आजी न बघता फिरवते. मी एक केलं तर ते लांबट झालं. “ट्रान्झिशन कर्व्ह,” माझी रूममेट म्हणाली. सर्व्हेइंगचा असा उपयोग मी पहिल्यांदाच बघितला.

संध्याकाळी तिचे वडील आम्हाला नदीवर घेऊन गेले. ते शाळेत शिक्षक आहेत. प्राणहिता बघितली आणि मला त्या रात्रीचं “खूप मोठा नदी” आठवलं. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून तिचं नाव प्राणहिता. म्हणजे माझ्या वरोऱ्याच्या बाजूचं वर्धेचं पाणीसुद्धा इथूनच जातं. सिरोंच्याच्या खाली ती गोदावरीला मिळते. पलीकडचा काठ तेलंगणाचा. पूल ओलांडला की दुसरं राज्य. गोदावरीवरच्या पुलानं कालेश्वरम, जिथे एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत. दुसऱ्या दिशेला पातागुडमजवळ इंद्रावती, तिच्यापलीकडे छत्तीसगड. दवाखाना, लग्नाची खरेदी, मिरची तोडायची मजुरी, पुष्कळ कामांसाठी इथली माणसं नदी ओलांडतात. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर मेळा भरला, तो बारा वर्षांनी येतो. तेव्हा या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. आता मात्र वाळूत दोन बगळे आणि आम्ही तिघं.

“सर, गाव इतकं शांत कसं?” मी विचारलं.

ते हसले. म्हणाले, “नेहमीच नव्हतं बेटा.” मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. १८६० मध्ये निजामाकडून हा नदीकाठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हाच तयार झाला. त्याचं मुख्यालय सिरोंचा! ग्लासफर्ड नावाचा अधिकारी इथे होता. तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव आजही आहे. त्या काळात सर आर्थर कॉटन यांची एक मोठी योजना होती. हेच ते धवलेश्वरमचा बंधारा बांधणारे कॉटन, ज्यांचे आंध्रात पुतळे आहेत. गोदावरी आणि प्राणहितेतून बोटी चालवायच्या आणि वऱ्हाडाकडचा कापूस नदीनं थेट समुद्राला न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा सिरोंच्याच्या खाली इंचमपल्लीला, तिसरा वर देवलमरीला. त्यांना वळसा घालायला कालवे आणि लॉकगेट बांधायला घेतले. पैसा लागत गेला, तापानं माणसं आजारी पडत गेली, तिकडे रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७१ मध्ये काम थांबवलं. तीन वर्षांनी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याचा तालुका झाला.

मला एकदम माझ्या कपाटावरचं चित्र आठवलं. ब्रूजसुद्धा कधीकाळी गजबजलेलं बंदर होतं. समुद्राकडे जाणारी त्याची खाडी गाळानं भरली, जहाजं अँटवर्पला जायला लागली आणि गाव झोपी गेलं. त्या झोपलेल्या गावाला बघायला आता जग जातं, युनेस्कोनं २००० मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं. म्हणजे कुणी शांत राहायचं ठरवलं म्हणून गाव शांत होत नाही. त्याचा रस्ता बंद होतो. आणि मग लांबचं कुणीतरी विचारतं, हे कुठे आलं गं?

दुसऱ्या दिवशी सरांनी वडधमला नेलं. तिथे दगड झालेली झाडं आहेत. खोडाच्या रेषा अगदी ताज्या लाकडासारख्या, हात लावला की थंडगार दगड! प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचं गाव आहे. कोटा म्हटलं की आम्हाला एंट्रन्सचे क्लासेस आठवतात, पण भूगर्भशास्त्रज्ञांना हे आठवतं. इथल्या जुरासिक काळातल्या खडकांना जगभर ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात. याच खोऱ्यातल्या त्या खडकांत बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर सापडला. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. उत्खनन सुरू झालं ते १९६१ साल रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. जगाच्या पुस्तकात नाव असलेल्या गावाचा पत्ता मी भर वर्गात विचारला होता!

परत येताना मेडिगड्डा बॅरेजचा विषय निघाला. सिव्हिलवाल्यांना तो माहीत आहेच. ८५ दारांचा हा बॅरेज गोदावरीवर आहे. त्याचं एक टोक तेलंगणात, दुसरं सिरोंचा तालुक्यात. २१ जून २०१९ ला उद्घाटन झालं आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याचे काही खांब खचले. पायाखालची वाळू पाण्यानं ओढून नेली की काय होतं, ते आम्ही ‘पायपिंग’ म्हणून परीक्षेत चार मार्कांना लिहितो. तपासणी समितीनंही हेच कारण पुढे मांडलं. या बाजूच्या शेतकऱ्यांनी बुडणाऱ्या जमिनींसाठी आंदोलनं केली, तीही बातम्यांतून येऊन गेली. मी हिरिरीनं थिअरी सांगत होते. माझी रूममेट खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पुस्तकात नदीला ‘क्यू’ म्हणतात. आमच्याकडे गंगा म्हणतात.” बस्स, एवढंच. तिच्या त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

शेवटच्या रात्री मी आणि अम्मा सकिनालू डब्यात भरत होतो. माझ्यासाठी एक डबा, हॉस्टेलसाठी दुसरा. अम्मा तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “पहिला साल हे रोज फोन करून रडे. सगळे हसते म्हणे. कॉलेज सोडते म्हणे. आम्ही म्हटलं, ये घरी.” मी डब्याचं झाकण लावत होते, ते लागेचना. अम्मा पुढे म्हणाली, “मग म्हणे, नाही अम्मा, रूममेट चांगली आहे. तू होती ना संगं. म्हणून राहिली.”

मी काय बोलणार होते? वर्गातल्या त्या पहिल्या दिवसाबद्दल तिनं घरी अक्षर सांगितलं नव्हतं. फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सच्या परीक्षेआधी मी तिला दोन रात्री शिकवलं होतं, ते मात्र सगळ्या घराला पाठ होतं.

इतक्यात आतून आजीनं तिला हाक मारली. तिच्या नावानं. तीन दिवस ती हाक माझ्या कानांवर पडत होती, पण ऐकू आली ती तेव्हा. अडीच वर्षं आम्ही एका खोलीत राहतो आणि ते नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. हजेरीत सर घेतात तेवढंच.

रात्री अंथरुणावर मी तिला म्हटलं, “तो प्रश्न मी विचारला होता. फर्स्ट इयरला.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुझा आवाज ओळखते ना मी.”

“मग रूम का नाही बदललीस?”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “विचारलं तर तू एकटीनंच ना. बाकीच्यांनी ते पण नाही विचारलं.”

तिला खरंच तसं वाटलं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे मी अजून विचारलेलं नाही. हिंमत झाली नाही.

सकाळी सहाच्या गाडीत बसलो. आजी गाडीपर्यंत आली. “तिन्नवा बिड्डा?” या वेळी मला कळलं. मी मान जोरजोरात नाही अशी हलवली. आजीनं हसून हातात आणखी एक पुडा दिला.

हॉस्टेलवर पोचल्याबरोबर जिन्यातून कुणीतरी ओरडलं, “आली का सिरोंचा?” मी म्हटलं, “सिरोंचा तिथेच आहे, दोनशे किलोमीटरवर. ही आली,” आणि तिचं नाव घेतलं. सुरुवातीला मुली हसल्या. आता दुसऱ्या मजल्यावर बहुतेक जणी नावानंच हाक मारतात. काही अजून विसरतात.

हा लेख तिनं वाचलाय. दोन ठिकाणी माझं मराठी दुरुस्तही केलंय! (‘हिरिरीनं’ मी चुकीचं लिहिलं होतं.) फक्त एक अट घातली, “माझं नाव छापू नको.” म्हणून छापलेलं नाही. तिला भेटलात तर तिलाच विचारा.

आणि तिचं गाव कुठे आहे, ते मात्र आता विचारू नका.

– तृतीय वर्ष, सिव्हिल