विषय क्रमांक सात

आमच्या गावाला नगरपालिका आहे, ही गोष्ट गावातल्या बहुतेकांना दोनच प्रसंगी आठवते. नळाला पाणी आले नाही म्हणजे, आणि घरपट्टीचे बिल दारात येऊन पडले म्हणजे. एरवी बाजारपेठेच्या टोकाला ती जुनी दगडी इमारत उभी असते, जिन्याखाली मोडक्या घंटागाड्या पडलेल्या असतात, दाखल्यांच्या खिडकीशी चारदोन माणसे ताटकळत असतात आणि जग चाललेले असते. मला मात्र नगरपालिका रोज पहाटे साडेतीनला आठवते. त्या वेळी माझे वडील उठतात, कानटोपी घालतात, दाराआड उभी केलेली चावी खांद्यावर टाकतात आणि बाहेर पडतात. ते नगरपालिकेचे चावीवाले आहेत.

कॉलेजातल्या माझ्या एका मित्राला बरेच दिवस वाटत होते, आबा कुलपे दुरुस्त करतात! ही चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीचा लोखंडी दांडा. वर धरायला आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. रस्त्यातल्या चेंबरचे झाकण उचलायचे, दांडा आतल्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचा आणि फिरवायचा. एवढेच काम. पण ते घाईने केले तर रिकाम्या पाइपातली हवा आणि मागून धावणारे पाणी यांची अशी काही झटापट होते, की जुना जोड हमखास उखडतो. म्हणून आबा पहिले चार फेरे अगदी सावकाश देतात, कान चेंबरकडे लावतात, पाण्याचा आवाज बदलला की पुढचे देतात. फेरे मोजताना ते कुणाशी बोलत नाहीत. गावाचे आठ भाग, दररोज दोन भागांना पाळी, म्हणजे चौथ्या दिवशी पंचेचाळीस मिनिटे पाणी. सोळा वर्षे ते रोजंदारीवर होते. अलीकडे ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. कायम होण्याची गोष्ट आता घरात कुणी काढत नाही.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्हांला ७४ वी घटनादुरुस्ती शिकवली. १९९२ साली संसदेने ती केली, १९९३ पासून ती अमलात आली आणि घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. तीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशी अठरा कामे दिली आहेत. परीक्षेत हमखास विचारतात, म्हणून मी ती पाठ केली. त्यात स्मशानाची व्यवस्था चौदावी आणि जन्ममृत्यूची नोंद सोळावी आहे. म्हणजे माणसाला आधी पोचवायचे आणि मग त्याची नोंद करायची, असा क्रम कसा लागला कोण जाणे! पाणीपुरवठा पाचवा आहे. वर्गात सगळ्यांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली, मीही घेतली. पण लिहिताना मला आमच्या दाराआडचा तो दांडा दिसत होता.

आता आमच्या वस्तीविषयी. भीमनगर गावाच्या पश्चिमेला, ओढ्यापलीकडच्या चढावर आहे. टाकीपासून निघालेली जलवाहिनी पेठेतून, नव्या वसाहतीतून, कुंभारवाड्याच्या बाजूने जाते आणि दमून भागून शेवटी आमच्याकडे येते. वाटेतल्या बंगल्यांनी नळालाच मोटारी जोडल्या आहेत. मोटार सुरू झाली की पाइपातले पाणी त्या ओढून घेतात आणि पुढच्या नळांतून नुसता सुस्कारा ऐकू येतो. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड मी एकदा पुस्तकात शोधून काढला. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्या ठिकाणी ७० लिटर. आमच्याकडे गटार उघडेच आहे, तेव्हा ७० धरू. आम्ही पाच माणसे, चार दिवसांचे झाले १,४०० लिटर. आमच्या घरात दोनशे लिटरची दोन पिंपे आहेत. ती दोन्ही काठोकाठ भरली तर आई त्या दिवशी कुणाशी भांडत नाही.

लहानपणी मला या गोष्टीचा फार राग येई. चावी आमच्या घरात आणि पाण्याची बोंबही आमच्याच घरात! वस्तीतली माणसे आबांना म्हणत, "तुमच्या हातात हाय तर दहा मिनिटं जास्ती सोडा की!" आबा हसत आणि म्हणत, "घड्याळ नगरपालिकेचं हाय." ते घड्याळ त्यांचे स्वतःचे होते, पण तेवढे सोडून द्यावे.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. मी अकरावीत असताना ताईचे लग्न ठरले. २०२३ चा मे महिना. हळदीच्या आदल्या दिवशी घरात तीसएक पाहुणे आले आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पिंपे कोरडी झाली. आमची पाळी अजून दोन दिवसांवर होती. टँकरचे पैसे नव्हते. पूर्वी अशा वेळी नगरसेवकाच्या दारात जाऊन बसण्याची तरी सोय असे. पण मुदत संपून गावात प्रशासक आलेले. मुख्याधिकारी तेच आणि प्रशासकही तेच, बसून राहायचे तर कुणाच्या दारात? आई आबांना काही म्हणाली नाही. ती नुसती पिंपात तांब्या घालून तळ खरवडत राहिली. तो आवाज माझ्या कानांतून जाईना.

रात्री एक वाजता, आबा झोपलेले असताना, मी चावी उचलली. ओढ्याजवळच्या चेंबरवर गेलो आणि आमच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला. फेरे मोजले नाहीत. भीतीने भराभर फिरवत सुटलो. खाली पाइपात धडधड झाली, मग पाणी धावू लागले. घरी येऊन मी आईला उठवले, शेजारच्या दोन घरांना उठवले. बाकी वस्ती झोपेत होती. आम्ही पिंपे भरली, घागरी भरल्या, पातेली भरली. तासाभराने जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. परत येताना पायांखाली ओल लागली. आमच्याकडे निम्म्या नळांना तोट्याच नाहीत. झोपलेल्या घरांपुढचे ते नळ तासभर मोकळे वाहिले होते आणि चोरलेले पाणी गटारातून ओढ्याला जात होते.

त्या रात्री उपसा केंद्राची वीज गेली होती. टाकी पुन्हा भरलीच नाही. पहाटे पाळी होती कुंभारवाड्याची.

मी मनाशी काय समजूत घातली होती, तर मोटारवाल्यांचे पाणी आपण एक रात्र घेतले, बिघडले काय? पण मोटारवाल्यांचे काहीच गेले नव्हते. त्यांची पाळी आदल्या दिवशी झाली होती आणि जमिनीखालच्या हौदांत त्यांचा आठवड्याचा साठा होता. गेले ते कुंभारवाड्याचे. सकाळी सातला तिकडची एक म्हातारी रिकामी घागर घेऊन थेट आमच्या मांडवात आली. तिने आबांना जे बोलायचे ते बोलली. "तुमच्या पोरीची हळद आन् आमच्या पोरांनी काय प्यावं?" सगळे पाहुणे ऐकत होते. आबांनी माझ्याकडे पाहिले. चावीच्या खोबणीला ओली माती होती आणि ते चावी कधी न पुसता ठेवत नाहीत.

त्यांनी म्हातारीची घागर घेतली, आमच्या पिंपातून भरली आणि स्वतः तिच्या घरापर्यंत नेऊन दिली. मग आणखी सहासात खेपा केल्या. दुपारी चौकशी झाली तेव्हा "मीच उघडला व्हता" असे सांगून मोकळे झाले. आठ दिवसांची मजुरी कापली गेली. गावात "आपल्या माणसांना रात्री पाणी सोडतो" अशी बोलवा झाली, ती अजून पुरती गेलेली नाही. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही रात्री, सगळे निजल्यावर.

"किती फेरे दिलेस?"

मला सांगता आले नाही. ते म्हणाले, "मोजायचे असतात रे," आणि कुशीवर वळले.

यंदा इतिहासाच्या सरांनी मला निबंधाला विषय दिला, महाडचा सत्याग्रह. मला वाटले, यात मला नवीन काय आहे? चवदार तळ्याची गोष्ट आमच्याकडे अक्षरओळख होण्याआधी कळते. २० मार्चला वस्तीत सभा असते. पण ग्रंथालयात बसून वाचू लागलो आणि नगरपालिकेपाशी अडखळलो. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसे त्या नगरपालिकेत होती, म्हणून तो झाला. म्हणजे कागदावर तळे १९२४ लाच उघडले होते! तरी त्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले तेव्हा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाची तात्पुरती मनाई आली. तळे खासगी असल्याचा आणि जुन्या वहिवाटीचा दावा उच्च न्यायालयात शेवटचा फेटाळला गेला १७ मार्च १९३७ रोजी. एका गावच्या नगरपालिकेचा एक ठराव, आणि त्याच्या मागेपुढे तेरा वर्षे.

हे मी आबांना वाचून दाखवले. सत्याग्रह त्यांना पाठ आहे. ते मधल्याच एका वाक्यावर थांबले.

"ठराव माघारी घेतला व्हता?"

"हो."

"नगरपालिकेला तसं करता येतंय?"

"तेव्हा तरी केलं."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू जा सभेला. आपली लाइन विषय क्रमांक सातला हाय."

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि जवळजवळ चार वर्षांनी आमच्या सभागृहातल्या खुर्च्यांवरची धूळ पुसली गेली. त्यानंतरच्या एका सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे होते: 'विषय क्रमांक ७ – मौजे भीमनगर येथे टाकीपासून स्वतंत्र जलवाहिनी टाकणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.' मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. प्रेक्षक आम्ही तिघेच; त्यांतला एक जण पंख्याखाली बसायला आलेला असावा.

मागच्या सभेचे इतिवृत्त कायम झाले. दोन विषय झटपट गेले. चौथा विषय वेशीजवळच्या कमानीला नाव देण्याचा होता. त्यावर एक तास दहा मिनिटे चर्चा झाली. मी घड्याळ लावून बसलो होतो, ही सवय आबांची. आवाज चढले, एका सभासदाने सभात्याग केला आणि चहा आल्यावर तो परतला. सहावा विषय तहकूब. मग सातवा. आमच्या प्रभागाच्या नगरसेविका उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, हातातला कागद थरथरत होता, पण त्यांनी पाळीचे दिवस आणि नळांची संख्या नीट मांडली. कुंभारवाड्याच्या सभासदाने अनुमोदन दिले. मला ते अपेक्षित नव्हते. मान खाली घालून मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचे नाटक केले. कुणी विरोध केला नाही. 'सर्वानुमते मंजूर.' आणि लगेच लिपिकाने वाचले, 'निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करणेत यावी.' दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

घरी आलो तर आबा उंबऱ्यातच बसले होते.

"झाला?"

"झाला. सर्वानुमते."

"पुढं काय लिवलंय?"

मी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन खिशातली छोटी डायरी आणली, जिच्यात ते रोजचे फेरे आणि वेळा लिहितात. "ठरावाचा नंबर सांग," म्हणाले. मी सांगितला. त्यांनी तो तारखेसह लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीची पाळी होती. साडेतीनला आबांनी मला हलवून उठवले. तसे ते कधी उठवत नाहीत. ओढ्याजवळ गार वारा होता. त्यांनी चेंबरचे झाकण सरकवले, आत बॅटरी मारली, दांडा बसवला आणि मूठ माझ्या हातात दिली. गेल्या तीन वर्षांत मी तिला हात लावला नव्हता.

"वीस हायेत," ते म्हणाले. "पहिले चार हळू. मोठ्यांदा मोज."

मी मोजू लागलो. चौथ्याला त्यांनी हात वर केला. आम्ही दोघे वाकून ऐकत राहिलो. खाली हवा निघत होती. मग हळूहळू तो आवाज भरत गेला. त्यांनी मान हलवली आणि मी पाचवा फेरा दिला.