घरकुलाचा हिशेब

सरकारी घरकुलाचे पैसे एकदम हातात पडत नाहीत, हे शहरातल्या माझ्या नातेवाईक मंडळींना बहुधा ठाऊक नसेल. जोतं झालं की फोटो, भिंती वर आल्या की फोटो, छप्पर झालं की फोटो. हे फोटो मोबाइलवर काढायचे. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि मग पुढचा हप्ता बँकेत जमा होतो. मी उभी नोकरी भूगोल आणि मराठी शिकवण्यात घालवली. फळ्यावर काढलेले अक्षांश-रेखांश आता पोलादपूरच्या डोंगरातल्या घराच्या जोत्यावर येऊन बसले, याची मला गंमत वाटते.

मात्र या सगळ्या नोंदींत दोन प्रश्नांना फारसं वजन नाही. घर कशाचं बांधलं? आणि कुठे बांधलं? त्या घरापायी पुढची पन्नास वर्षं हवेत किती कार्बन जाणार, हे मुख्यतः या दोन उत्तरांवर ठरतं. म्हणून आज थोडा हिशेब मांडते. गणित माझा विषय नाही, पण हे पाचवीचं गणित आहे.

कार्बन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाड्यांचा धूर येतो, नाहीतर महाडच्या एमआयडीसीतल्या चिमण्या. सिमेंटचं पोतं कुणाला आठवत नाही. सिमेंट करताना चुनखडी भट्टीत भाजतात. भट्टीला लागणाऱ्या कोळशाचा धूर होतोच, शिवाय चुनखडीतच बंद असलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, आणि हा दुसरा हिस्सा निम्म्याहून मोठा असतो. भट्टी कितीही सुधारली तरी तो सुटत नाही. एक टन सिमेंटमागे साधारण सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. साऱ्या जगाच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे.

आता घरकुल घ्या. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलं आहे. एवढ्या घरावर चार इंची स्लॅब टाकायची तर अडीच घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे सिमेंटची साधारण वीस पोती, म्हणजेच एक टन. वर दोनेकशे किलो लोखंड. दोन्ही मिळून एक टनाच्या आसपास कार्बन नुसत्या छपराचा झाला. आपल्या देशात माणशी वर्षाचं उत्सर्जन सरासरी दोन टन आहे, आणि वाडीवरचा माणूस त्या सरासरीच्या कितीतरी खाली असतो. तेव्हा त्याच्या एका स्लॅबकडे बोट दाखवायला मला तरी लाज वाटेल. पण योजनेचं पहिलं उद्दिष्ट २ कोटी ९५ लाख घरांचं होतं, आणि २०२४ नंतर आणखी २ कोटी घरं त्यात वाढवली. प्रत्येकाच्या डोक्यावर स्लॅब आली असं धरलं, तर हाच आकडा पाच कोटी टनांवर जातो. एकट्याच्या निवडीनं इथे काही हलत नाही. योजनेच्या निवडीनं मात्र खूप हलतं.

हे सगळं आज सुचायचं कारण म्हणजे माझा भाचा. माझं माहेर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत. दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी, मागे पडवी, असं ते जुनं घर आहे. भाच्याचं नाव यंदा घरकुलाच्या यादीत आलं. जुन्या घराचा मागचा भाग उतरवून तिथे तो स्लॅबचं घर बांधणार. मी म्हटलं, "अरे, कौलारूच ठेव की. उन्हाळ्यात गार राहतं." तो हसला नाही. म्हणाला, "आत्या, तू महाडात स्लॅबखाली राहतेस. इथली कौलं कोण परतणार?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पूर्वी वैशाखात शाकारणी असायची. घरातले चार पुरुष वर चढायचे, कौल न् कौल काढून, झाडून परत बसवायचे. आता तरणी माणसं मुंबईला किंवा पुण्याला. त्यात वानरं. एक टोळी एका दुपारी छपरावरून उड्या मारत गेली की पन्नास कौलं फुटली म्हणून समजा. मातीच्या भिंतीचंही मी उगाच गुणगान करणार नाही. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या माजघराच्या भिंतीला गेलेली भेग वडिलांनी शेणमातीनं बुजवली होती. ती मला अजून दाखवता येईल.

आणि आमच्या भागाला 'पक्कं घर' या शब्दाचा अर्थ वेगळ्या तऱ्हेनं कळलेला आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. २२ जुलै २०२१ ला तळीये गाव गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, आणि इकडे महाड सावित्रीच्या पाण्यात बुडालं. हे पाहिलेल्या माणसाला 'पर्यावरणासाठी मातीच्या घरात राहा' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. (आणि पक्कं म्हणजे सिमेंटचं, एवढंही खरं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये इथेच महाडात काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत पत्त्यासारखी कोसळली, तीही सिमेंटचीच होती.)

पण स्लॅबची गंमत पाहा. आमच्याकडचा पाऊस सपाट छपराला मानवत नाही. दोन-चार पावसाळ्यांत स्लॅब झिरपू लागते. मग तिच्यावर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड टाकायची. महाडपासून पोलादपूरपर्यंत हमरस्त्यानं जाताना बघा, दर तिसऱ्या घराच्या डोक्यावर स्लॅब आणि स्लॅबच्या डोक्यावर निळा नाहीतर लाल पत्रा. म्हणजे खर्च दोन छपरांचा आणि कार्बनही दोन छपरांचा. शेड नसली तर एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेली स्लॅब रात्री ऊन ओकत राहते. आधी पंखा, मग कूलर आणि नोकरी लागली की एसी.

मग मध्यममार्ग आहे का? आहे, आणि तो जुना आहे. लॉरी बेकर हे मूळचे इंग्रज वास्तुविशारद केरळात आयुष्यभर स्वस्त आणि टिकाऊ घरं बांधत राहिले. २००७ साली ते गेले. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार पेलत नाही, तो ताण सळ्या घेतात. म्हणून ते सळ्यांच्या मधल्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौलं भरत. काँक्रीट वाचतं, लोखंड वाचतं आणि घरात उष्मा कमी उतरतो. ही स्लॅब उतरतीही टाकता येते, म्हणजे पाणी साचत नाही आणि वर पत्र्याची गरज पडत नाही. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी भिंतही ते बांधत, तिच्यात जवळपास चौथा हिस्सा विटा कमी लागतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तर १९७४ पासून एक गट ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करत आला. थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा त्यांनी करून दाखवल्या.

मी हे भाच्याला सांगितलं. उतरवायच्या छपराची कौलं तिथेच तर पडणार होती! त्याला पटलं. त्यानं गवंड्याला विचारलं. गवंडी सरळ माणूस. तो म्हणाला, "मी हे कधी केलं नाही. इंजिनिअरनं कागदावर लिहून सही दिली तर करतो."

मंडळी, माझ्या मते सगळा प्रश्न त्या एका सहीपाशी आहे. योजनेतून १ लाख २० हजार मिळतात, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. राज्य सरकारनं २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. तरी पदरचे घालावे लागतातच. इतक्या ओढाताणीत नवा प्रयोग करायचा धोका गरिबानं का घ्यावा? फसला तर हप्ता अडकेल, घर गळेल. तो धोका सरकारनं उचलायला हवा. आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान सरकारच्याच घरात पडून आहे. केंद्रानं यूएनडीपी आणि दिल्लीच्या आयआयटीला बरोबर घेऊन देशभरच्या पारंपरिक घरांचा अभ्यास केला आणि त्या त्या भागाला साजेशा नमुन्यांचा 'पहल' नावाचा संग्रह काढला. गवंड्यांना प्रशिक्षण द्यायची तरतूद योजनेत आहे. हे दोन्ही तालुक्यापर्यंत उतरवायचं, म्हणजे अतिपावसाच्या कोकणासाठी तपासलेले तीन-चार नकाशे, त्यावर अभियंत्याची सही आणि ते बांधू शकणारे दहा गवंडी. जुनं घर नीट होण्याजोगं असेल तर दुरुस्तीलाही मदत मिळावी. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत घर सुधारायला पैसे मिळत. आताचा भर नव्या बांधकामावर आहे. उभ्या असलेल्या भिंतीसाठी नवं सिमेंट लागत नाही, एवढं तर मान्य व्हावं.

फ्रान्सनं २०२२ पासून नव्या घरांना नियम लावला आहे. घर वापरतानाची वीजच नव्हे, ते बांधताना झालेला कार्बनही मोजायचा आणि मर्यादेत ठेवायचा. तेलंगणानं २०२३ मध्ये छपरं थंड ठेवायचं धोरण आणलं. आपल्याकडे घरांवर सौर पॅनेलसाठी २०२४ पासून 'सूर्यघर' योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि राज्यानं वाढवलेल्या पन्नास हजारांतले पंधरा हजार त्यासाठीच राखले आहेत. चांगलंच आहे. पण छपरावर पॅनेल बसवायला पैसे आणि छप्पर कशाचं याकडे काणाडोळा, हे अर्धंच काम झालं.

आता दुसरा प्रश्न, घर कुठे? याचं उत्तर मला माझ्या काकांच्या खोलीत मिळालं. आमच्या तालुक्यांतली निम्मी घरं एकेकाळी गिरणीच्या पगारावर चालत. काका लालबागच्या चाळीत राहायचे. भोंगा झाला की पायी गिरणीत. बाजार पायी, मुलांची शाळा पायी, भजनी मंडळही पायी. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं आणि नळावर भांडणं, त्यात सुख नव्हतं. पण कामाशेजारी घर, एवढं एकच तत्त्व त्या वस्तीत होतं आणि त्यामुळे काकांच्या अख्ख्या आयुष्यात पेट्रोलचा खर्च शून्य.

१९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या. कामगारांना घरं देण्याचं ठरलं तेव्हा ती कुठे निघाली? २०१६ ची एक सोडत पनवेलजवळच्या कोनला. पुढे २०२४ मध्ये ८१ हजार घरं शेलू आणि वांगणीला देऊ केली, म्हणजे मुंबईहून सत्तर-ऐंशी किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये म्हातारे गिरणी कामगार आझाद मैदानात जमले, मुंबईतच घर द्या म्हणून. त्यांनी कार्बनचा शब्दही काढला नाही, पण त्यांची मागणी मान्य झाली तर रोज हजारो माणसांची लांबची फेरी वाचेल. पुढच्याच महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी पाचशे चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे मनात आणलं तर जागच्या जागी घर देता येतं.

आमच्याकडे हेच लहान प्रमाणात चालू आहे. पूररेषेच्या भीतीनं महाडबाहेर पडणं योग्यच, दरडीखालच्या वाड्या हलवणं तर त्याहून योग्य. पण हलवताना मोकळी सरकारी जमीन जिथे सापडेल तिथे घरं नेऊन ठेवली, तर शेत एकीकडे, शाळा दुसरीकडे आणि एसटी तिसरीकडे. मग घरटी एक मोटरसायकल आलीच. ती चैन नसते, नाइलाज असतो. पुनर्वसनाची जागा ठरवताना दरडीचा धोका आधी पाहावा, आणि त्याच बैठकीत एसटीचा थांबा, दवाखाना व शाळा किती पावलांवर, हेही लिहून घ्यावं. कोकण रेल्वे २०२२ पासून संपूर्ण विजेवर धावते. वीर स्थानकावर उतरून महाडला यायला मात्र रिक्षाचे पैसे मोजा. गाडीच्या वेळेला एक एसटी लावणं हेसुद्धा नियोजनच आहे.

घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते. २ ऑक्टोबरच्या सभेत भाचा उभा राहणार आहे. त्याची मागणी एवढीच की, कौलं भरलेल्या उतरत्या स्लॅबचा नकाशा तालुक्याच्या अभियंत्याकडून मंजूर करून मिळावा. मिळाला तर एकाचं नाही, यादीतल्या सगळ्यांचंच काम होईल. नाही मिळाला तर तो दिवाळीनंतर साधी स्लॅब टाकेल आणि मी त्याला बोल लावणार नाही. उतरवलेली कौलं सध्या अंगणाच्या कडेला रचून ठेवली आहेत. वानरांपासून राखायची म्हणून वर काट्या घातल्यात.

तुमच्यापैकी कुणाच्या गावी असं छप्पर कुणी केलं असेल, तर गवंड्याचं गाव तेवढं कळवा. बाकी मी बघते.